कुमार झोपलाय

मुक्काम कॅसलमेन, ऑस्ट्रेलिया
सर्वपित्रीच्या आधीचा शनिवार, २०१४

तीर्थरूप गुणाबायच्या पायांवर धाकट्या मालूचा, हात पोचत नाहीत म्हणून लांबूनच, नमस्कार.

तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला? कोमलच्या तळोज्याच्या ऑफिसात अजून डोळे चुरचुरतात का? तुम्ही सगळी मजेत असाल असं धरून चालते, कारण नसलात तरी तू मला सांगणार नाहीस. मी इथे बरी आहे. बरी म्हणजे हातपाय जागेवर आहेत, नाक गळतंय आणि कालपासून माणसाचं तोंड बघितलेलं नाही. मुख्य विचारायचं ते आधीच विचारून टाकते, म्हणजे मग सावकाश रडगाणं गाता येईल. कुमार कसा आहे? (दाजींसाठी खुलासा: कुत्रा कुमार. त्यांच्या कोन गावच्या चुलतभावाबद्दल मला काहीही विचारायचं नाही.)

हे मी दर रविवारी फोनवर विचारते, ठाऊक आहे. आणि दर रविवारी तू म्हणतेस, "बरा हाय गो, झोपलाय," आणि मी पुढचं विचारायच्या आत तुझी रेंज जाते. उरण नाक्याच्या मासळी बाजारात बसून जी रस्त्यापलीकडचं गिऱ्हाईक नावाने हाक मारून बोलावते, तिची रेंज नेमकी कुमारपाशीच कशी जाते हे मला उमगत नाही. म्हणून पत्र लिहायला बसले. विमानात माझ्या शेजारी होत्या त्या खारघरच्या सामंतबाई आठवतात ना, मी सांगितलं होतं? त्या मंगळवारी परत निघाल्यात. उद्या त्यांचा मुलगा त्यांना गाडीतून इकडे फिरायला आणणार आहे, तेव्हा त्यांच्या हाती हे देईन.

आता तू म्हणशील, एवढी काळजी होती तर गेलीस कशाला? हे तू मी निघायच्या आधीही म्हणालीस, निघताना म्हणालीस आणि रिक्षा वळेपर्यंत म्हणत होतीस. त्याला जबाबदार तुझी लेक कोमल. आपल्या आळीत कोणीही गावाला निघालं की किल्ली मालूकडे, हे तिने लहानपणापासून बघितलंय. कुणाच्या तुळशीला पाणी, कुणाच्या पोपटाला मिरची, कुणाच्या फ्रिजात विसरलेलं दूध. नगरपालिकेत पाणीपट्टीच्या खिडकीवर जन्म काढला आणि उरलेला वेळ दुसऱ्यांच्या दारांची कुलपं काढण्यात. मी निवृत्त झाले आणि कोमलने कंप्युटरवर शोधून काढलं की ऑस्ट्रेलियातले लोक प्रवासाला जाताना आपलं अख्खं घर अनोळखी माणसाच्या ताब्यात देतात; त्याने फक्त त्यांची जनावरं सांभाळायची आणि फुकट राहायचं. म्हणाली, मावशी, तू आयुष्यभर हेच केलंस, आता जरा लांब जाऊन कर. एकटीने जग बघ. मला वाटलं, खरंच की. मला जग म्हणजे काहीतरी गर्दीचं वाटलं होतं.

जग सुरू झालं ते मेलबर्नच्या विमानतळावर, आणि तेही तुझ्या कृपेने. तिथे पोलीस नाही, एक कुत्रा तपासणी करतो. चांगला गुबगुबीत, अंगात सरकारी कोट. रांगेतल्या सगळ्यांच्या बॅगांवरून नाक फिरवत आला आणि माझ्या बॅगेपाशी येऊन शहाण्यासारखा बसला. मला वाटलं, बघा, ओळखलंन बिचाऱ्याने, ही कुत्र्याची माणूस आहे. मी त्याला कुरवाळायला वाकले तर साहेब म्हणाला, बाई, बॅग उघडा. उघडली. माझ्या नव्या पातळाच्या घडीत तू कोंबलेले सुके बोंबील निघाले! मला न सांगता, बाय! मी कागदावर सही करून आले होते की खाण्याचं काही आणलेलं नाही. साहेबाने हातमोजा घालून एकेक बोंबील वर धरला आणि हे काय म्हणून विचारलं. इंग्रजीत याला बॉम्बे डक म्हणतात हे मला माहीत होतं, पण डक म्हटल्यावर तो आणखी घाबरला. शेवटी समज देऊन सोडलं. बोंबील कचऱ्यात गेले. पातळाला अजून वास आहे, आणि खरं सांगू, इथे आल्यापासून दोनतीनदा मी ते कपाटातून काढून नाकाला लावलंय.

कॅसलमेन हे आगगाडीच्या फाट्यावरचं गाव. पनवेल जंक्शन आहे तसं काही समजू नकोस. गाडी येते, दोन माणसं उतरतात आणि स्टेशनलाच अवघडल्यासारखं होतं. मार्गारेटबाई आणि कॉलिनराव मला घ्यायला आले होते. दोघं सत्तरीची, गुलाबी आणि फार सज्जन. त्यांनी गाडीच्या मागे अख्खी खोली जोडून ठेवली होती, ती ओढत ते उत्तरेकडे ऊन खायला जाणार. ही सहल ते किती वर्षं पुढे ढकलत होते, कारण कुत्रा म्हातारा. त्याचं नाव बस्टर. काळा, तोंड पांढरं झालेलं, मूत्रपिंड अधू. त्याला जेवण म्हणून डॉक्टरच्या कसल्या वाळक्या गोळ्या वाटीने मोजून घालायच्या आणि रोज दात घासून द्यायचे. (दाजी स्वतःचे रोज घासतात का, ते त्यांनाच विचार.) शिवाय एक मांजर, ती माझ्याकडे पाणीपट्टी थकलेल्या माणसासारखी तोंड फिरवून बसते, आणि तीन कोंबड्या. कोंबड्या छान धष्टपुष्ट दिसल्या म्हणून मी सहज विचारलं, यातली कुठली कधी कापायची? मार्गारेटबाईंचा चेहरा असा झाला की मला वाटलं सहल पुन्हा पुढे गेली. मग कॉलिनराव हसले आणि मी थट्टाच केली असं सर्वांनी मिळून ठरवलं. जाताना मार्गारेटबाई बस्टरच्या गळ्यात पडून रडल्या. बस्टरने त्यांच्याकडे बघितलं नाही, त्यांच्या बॅगेकडे बघत राहिला.

मी निघाले तेव्हा कुमारनेही तेच केलं होतं. तू पाठ करून पिशव्या भरत होतीस, तुला दिसलं नसेल. तो उंबऱ्याशी आला, मागचे पाय घसरत होते तरी आला, आणि माझ्याकडे न बघता बॅग बघत उभा राहिला. एसटी स्टँडमागे भिजून थरथरत होतं ते पिल्लू, आईने पदराखाली घालून आणलं आणि कुमार नाव ठेवलं. हाही एक दिवस म्हातारा होईल असा विचार तिने कधी कशाबद्दल केला नाही. आई गेल्यावर तो तिच्या खाटेखालून निघेना, तेव्हा तूच म्हणालीस, मालू, आता हाच तुझा संसार. तू रागाने म्हणालीस, पण ते खरंच होतं.

तर मी या घरात एकटी. रस्त्यावर माणूस नाही, पोर नाही, भांडण नाही. आपल्याकडे संध्याकाळी वारा फिरला की तळोज्याचा तो सडका वास येतो आणि आपण खिडक्या लावून कारखान्यांना शिव्या घालतो. इथे हवेला कसलाच वास नाही. पहिले काही दिवस मला वाटलं माझं नाक गेलं. शेजारी केविन म्हणून एक आहे, तो आठवड्यातून एकदा कुंपणावरून तोंड काढतो आणि उद्या कुठल्या रंगाचा कचऱ्याचा डबा बाहेर ठेवायचा ते सांगतो. त्या दिवसाची मी वाट बघू लागले, बाय, यावरून काय ते समज. आळीतल्या बायका माझं डोकं खातात म्हणून मी किती कुरकुर करायची! आता कुणी येऊन जरा खाल्लं तर बरं, असं झालंय.

आणि बस्टरने जेवण सोडलं. मालक गेले त्या संध्याकाळपासून. मी गोळ्या भिजवून दिल्या, हाताने भरवल्या, मी स्वतः एक खाऊन दाखवली (खाऊ नकोस, भुशासारखी लागते). दिवसभरात चारदोन गोळ्या आणि पाणी, बाकी तो नुसता दाराकडे तोंड करून पडून. मार्गारेटबाईंचा रोज संध्याकाळी फोन. पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं की जेवत नाही. तर बाई तिकडे इतके हुंदके देऊन रडल्या, की मागून कॉलिनराव गाडी वळवतो म्हणून ओरडायला लागले. मला त्या दोघांची दया आली. इतक्या वर्षांनी निघालेत, आणि परत येऊन करणार काय, त्याच्याशेजारी बसणार. ते तर मी बसलेच होते. मग दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, गुड, गुड, स्लीपिंग. आणि त्यांनी पुढचं विचारायच्या आत म्हटलं, तुम्ही जेवलात का? जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं, तो म्हणाला वय झालंय, मन रमवा. मी बस्टरला आळीतल्या सगळ्या बातम्या मराठीतून सांगितल्या. मार्गारेटबाईंनी फोटो मागितला, तेव्हा मी आल्या दिवशी काढलेला पाठवला, बस्टर उभा असलेला.

असं चालू असताना मागच्या रविवारी तुझा फोन आला. मी विचारलं कुमार कसा आहे. तू म्हणालीस, "बरा हाय गो, झोपलाय. तू जेवलीस का?" बाय, मी फोन हातात धरून तशीच उभी राहिले. तो सूर, ती घाई, ते जेवणाचं विचारणं. ते माझंच होतं. मी रोज संध्याकाळी तेच करत होते. आणि मग मी तू गणपतीत कोमलकरवी पाठवलेला फोटो नीट बघितला. कुमार गणपतीच्या मखरापुढे बसलाय, गळ्यात लाल पट्टा. लाल पट्टा होळीच्या आधीच तुटला आणि मी त्याला नाडी बांधली होती. आणि मोराचं मखर गेल्या वर्षीचं. कोमलला सांग, मावशी चष्मा लावते, आंधळी नाही.

मी रागावले नाही. रागवायला मला तोंडच कुठे आहे? पण तुला विचारायचं धाडसही झालं नाही. त्याऐवजी दुसऱ्या दिवशी आईच्या तिथीची तयारी करायला घेतली. तू फोनवर म्हणाली होतीस की घास तू घालतेस, मी परमुलखात काही करू नको. पण मला हाताला काम हवं होतं. खीर-वडे घरात जमले, पण आईला सुकी मासळी लागणार. (दाजी म्हणतील पितरांना मासळी चालत नाही. आपली आई करंजाची कोळीण, तिला दुसरं काही चाललंच नसतं.) सामंतबाईंना फोन करून विचारलं आणि तासन्‌तास आगगाडीत बसून मेलबर्नच्या पलीकडच्या एका लंकेच्या माणसाच्या दुकानात गेले. एकटीने जग बघायचं म्हणतात ते हेच असावं. लोक इथला समुद्रकिनारा बघतात, मी सुक्या मांदेलीसारखं काहीतरी बघून रडले. परतीच्या गाडीत पिशवी मांडीवर होती. एकेक करत माणसं उठून दुसऱ्या डब्यात गेली, शेवटी डबा माझा एकटीचा. तिकीट तपासणारा लांबूनच मान हलवून गेला.

केळीचं पान नाही म्हणून मार्गारेटबाईंच्या मळ्यातलं पालकासारखं एक मोठं पान कापलं, घास वाढला आणि मागच्या अंगणात कुंपणाच्या खांबावर ठेवला. आता इथे सध्या वसंत आहे, आणि वसंतात इथे मॅगपाय नावाचा काळापांढरा पक्षी वेडा होतो. पिल्लांच्या काळजीने येईल त्याच्या डोक्यावर झडप घालतो. केविन आइस्क्रीमच्या डब्यावर मागून डोळे रंगवून, पक्षी फसावा म्हणून, तो डोक्यावर घालून फिरतो. मला आधी वाटलं त्याचं काही बिघडलंय. मी भाताची चाळणी डोक्यावर घातली, हात जोडले आणि आईला हाक मारली. कावळा होता. तारेवर बसला होता, आपल्या कावळ्यापेक्षा मोठा, डोळे पांढरे, आणि ओरडणं असं की तान्हं पोर पोट दुखून रडतंय. पण खाली येईना. वरून तो मॅगपाय येऊन चाळणीवर टणटण आपटतोय, कुंपणापलीकडे केविन आ वासून उभा आणि मी मोठमोठ्याने आईला वचनं देतेय. गुणाबायशी भांडणार नाही. कोमलचं लग्न तिच्या मर्जीने होऊ देऊ. दाजींना बोलणार नाही (जमेल तेवढं). करंजाच्या देवीला पातळ नेसवीन. कावळा ढिम्म. सगळं देऊन झालं, आता आणखी काय राहिलंय ग तुझं, म्हणून मी रडकुंडीला आले, आणि तोंडातून निघून गेलं, "आई, कुमार तुझ्याकडं आला आसल तर त्याला जेवाया घाल."

तो लगेच खाली आला, बाय. पान विस्कटून, चोचीत मासळी घेऊन, माझ्याकडे न बघता उडून गेला.

मी पायरीवर बसले आणि हमसून हमसून रडले, चाळणी तशीच डोक्यावर. केविन म्हणाला, आर यू ओके? मी म्हटलं, मदर. तो टोपी काढायला गेला आणि आइस्क्रीमचा डबा काढला. तेवढ्यात मागे काहीतरी खरवडल्यासारखं वाजलं. बस्टर. दारातून पाय ओढत अंगणात आला होता आणि पानावरून सांडलेली मांदेली गवतातून चाटत होता. सगळी चाटली. मग माझ्या तोंडाकडे बघितलं, आणखी आहे का म्हणून.

तेव्हापासून तो भात आणि मासळीवर आहे. डॉक्टरला फोन करून कबूल केलं. तो म्हणाला, या वयात काही खातोय ना, मग मासळी पाण्यात भिजवून खारटपणा काढा आणि घाला. आता तो संध्याकाळी फाटकापर्यंत येतो. घराला आपल्या पनवेलच्या बाजाराचा वास यायला लागलाय, मांजर माझ्याशी बोलायला लागलीय, केविन या आठवड्यात डब्यांचं सांगायलाच आला नाही. मार्गारेटबाईंना आता मी गुड म्हणते ते खरं असतं. त्यांना मात्र काही वेगळं वाटत नाही. त्यांच्या लेखी तो पहिल्यापासून गुडच होता. एवढं सगळं होऊन मला कुणाला काही सांगता आलं नाही, म्हणून तुला सांगितलं.

बाकी ठीक. दिवाळीच्या आत परत येते. गुडघ्याला तेल लाव, ओल्यात बसू नकोस. दाजींना नमस्कार, कोमलला आशीर्वाद आणि तिच्या कंप्युटरला माझ्या वतीने एक चापट.

तुझी,
मालू

ता. क. सामंतबाई पुन्हा कधी इकडे यायच्या असतील तर त्यांच्या बॅगेत काहीही कोंबू नकोस. त्यांचं हृदय नाजूक आहे.

ता. क. दुसरं. खरं तर एवढ्यासाठीच हे सगळं लिहिलं. मला फोनवर शब्दांत काही सांगू नकोस, मला ऐकवणार नाही आणि तुला बोलवणार नाही. सामंतबाई पत्र देतील त्यानंतरच्या रविवारी फोन लावशील तेव्हा कुमारची ती पोचे आलेली जर्मनची थाळी फोनजवळ वाजव. कितीही झोपला असला तरी थाळी वाजली की तो भुंकतो. भुंकला तर मी ऐकेन. नाही तर नेहमीसारखं जेवलीस का विचार, मी समजेन.

ता. क. तिसरं. आज रविवार. सामंतबाई अजून यायच्या आहेत, पत्र इथेच टेबलावर आहे आणि आत्ताच तुझा फोन येऊन गेला. मी कुमारचं विचारलं नाही. तूही बरा हाय म्हणाली नाहीस. रेंजही गेली नाही, तुझ्या मागे दाजी खोकत होते ते स्पष्ट ऐकू येत होतं. मग तू विचारलंस, "जेवलीस का गो?" मी हो म्हटलं. जेवले नव्हते. पत्र पाठवतेच आहे, पण थाळी वाजवू नकोस. घासूही नकोस. तशीच असू दे, मी येऊन घासते.